पुन्हा विचारा

१

"खालच्या दाराचा दिवा हिरवा झाला, तर विचारायचं नाही."

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला मिळालेला हा पहिला नियम. सांगितला मामांनी. मामा माझे मामा नाहीत, तसे ते कोणाचेच नाहीत. दुसऱ्या तळावर तीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेला पहारेकरी आपोआप सगळ्यांचा मामा होतो.

"का विचारायचं नाही?"

"हे बघ, विचारलंसच."

"मामा, मी प्रवेश अधिकारी आहे. दारं माझ्या ताब्यात. दिव्याबद्दल मी नाही विचारायचं, तर काय भिंतीने विचारायचं?"

"अगदी आत्यासारखी बोलतेस," असं पुटपुटून त्यांनी जीभ चावली आणि पितळी फुलपात्र घेऊन धुवायला गेले. ते फुलपात्र त्यांनी पाचच मिनिटांपूर्वी धुतलेलं होतं. मी पाहिलं होतं.

नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला. तेवढ्यात माझ्यामागे कुठेतरी 'टक्' झालं, आणि जरा वेळाने पुन्हा 'टक्'. मी वळले तेव्हा खालच्या दारावरचा हिरवा दिवा विझत होता.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

२

आमचं भांडार जमिनीखाली आहे. एकाखाली एक असे तीन तळ, आणि त्यांत जन्माचे दाखले, जमिनींचे नकाशे, खटल्यांचे निकाल. भिंती हातभर जाड, त्यामुळे खाली फोनला रेंज नाही आणि इंटरनेटही नाही. वर कोणाला काही विचारून खात्री करायची सोयच नाही. म्हणून प्रत्येक दाराने समोरच्या माणसाला स्वतःच्या अकलेने ओळखायचं असतं.

ही अक्कल दारांना दिली माझ्या आत्याने.

मी नऊ वर्षांची असताना तिने मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवून हे समजावलं होतं. प्रत्येक बिल्ल्याच्या पोटात एक गुप्त किल्ली असते आणि ती कधीच बाहेर येत नाही. दार दर वेळी नवा कोरा प्रश्न विचारतं, आधी कधीच न विचारलेला एक लांबलचक आकडा. बिल्ला त्या आकड्यावर आपली किल्ली फिरवतो आणि उत्तर परत देतो. दाराला ते उत्तर तपासता येतं, पण तयार करता येत नाही. ते तयार करणं फक्त त्या एका बिल्ल्यालाच जमतं.

"म्हणजे दाराला माझं गुपित कळतच नाही?"

"नाही ना, ठिणगे. पण तू तूच आहेस हे कळतं. आपल्या घरातल्या माणसांना कुठे जमतं हे? गुपित काढून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही."

आतून आजी ओरडली होती, "पोरीचे कान भरू नकोस!" आत्या हसली होती. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं, लहानपणी कपाटाच्या खणात सापडून. हसताना ती तो अंगठा ओठांवर टेकवायची.

त्या ओट्यावर तेव्हा बसले, ती मी मनाने अजून खाली उतरलेली नाही. माणसाने बनवलेल्या वस्तूंमध्ये इतकी सभ्य वस्तू मी दुसरी पाहिली नाही. समोरच्याकडून काहीच हिसकावून न घेता ती त्याला ओळखते. त्याचा चेहरा, जात, वय, घराणं काही पाहत नाही. खोटं उत्तर चालत नाही आणि जुनं उत्तर तर नाहीच नाही. कॉलेजात याचं गणित शिकताना बाकीची मुलं जांभया देत होती, आणि मला फळ्यावरच्या चार ओळी पाहून भरून येत होतं.

आठ वर्षांपूर्वी तिसऱ्या तळात पाणी घुसलं. त्याच दिवसापासून आत्या कोणाला दिसली नाही. घरात सांगितलं गेलं, "ती निघून गेली." कोणाबरोबर, कुठे, ते नाही. आमच्याकडे वडीलधाऱ्यांनी वाक्य संपवलं की ते संपतं.

३

खालचं दार म्हणजे तिसऱ्या तळाकडे जाणारं दार. राखाडी, जड. त्यावर आडवी लोखंडी पट्टी आणि पट्टीला कुलूप. दारातल्या छोट्या काचेवर बाहेरून तपकिरी कागद चिकटवलेला. दाराला दोन रीडर आहेत, एक आमच्या बाजूला आणि एक आतल्या. आतून बाहेर येणाऱ्यालाही बिल्ला दाखवावा लागतो. खात्री पटली की दिवा हिरवा होतो, खटका मागे सरकतो, पाच सेकंद थांबतो आणि पुन्हा पुढे येतो. म्हणून दोनदा टक्.

तो खटका रोज सरकत होता. पट्टीमुळे दार तेवढं उघडत नव्हतं.

"वीज का तोडली नाही?" मी मामांना विचारलं.

"तुझ्या आत्याने सगळी दारं एका माळेत ओवलीत. हे तोडलं की वरची बंद. साहेबांनी दोन इलेक्ट्रिशियन आणले होते. दोघंही हात जोडून गेले."

मनातल्या मनात मी आत्याला शाबासकी दिली.

मग टॅब जोडून मी दाराची नोंदवही उघडली. एकोणीसशे चौऱ्याहत्तर नोंदी. सगळ्या आतल्या रीडरवरच्या, सगळ्या चार वाजून दहाच्या आणि सगळ्या एकाच बिल्ल्याच्या. क्रमांक एक.

पहिला बिल्ला आत्याने स्वतःसाठी बनवला होता.

"मामा, सुट्टीच्या दिवशी नोंद नाही. गेल्या वर्षी अचानक सुट्टी जाहीर झाली, त्या दिवशीही नाही."

मामा टेबलावरच्या रजिस्टरकडे बघत राहिले. "सुट्टीला मी खाली नसतो."

"त्याचा काय संबंध?"

"मी एवढंच सांगतोय. बाहेर कोणी नसलं की दिवा लागत नाही."

४

मी घाबरले नाही. मला राग आला. आठ वर्षं रोज एक दार काहीतरी सांगतंय आणि प्रौढ माणसं त्यावर उपाय काय करतात, तर नळ सोडतात!

मी एकेक शक्यता खोडायला बसले. पहिली शक्यता, रीडर जुनंच उत्तर पुन्हा पुन्हा वाचत असेल. सगळ्या नोंदी वर नेल्या आणि माझ्या मशीनवर पुन्हा तपासल्या. एकोणीसशे चौऱ्याहत्तर वेगवेगळे प्रश्न, एकोणीसशे चौऱ्याहत्तर वेगवेगळी उत्तरं. एकही चुकलेलं नाही. स्क्रीनवर ओळीमागून ओळ बरोबर येत होती, आणि खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटत होता. पुरात भिजलेली वस्तू आठ वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

दुसरी शक्यता, बिल्ला रीडरपाशी कुठेतरी अडकून पडला असेल आणि आपोआप उत्तर देत असेल.

मी माझा बिल्ला हातात घेतला. कोपऱ्यात बोट टेकवायची गोल जागा आहे. हरवलेला बिल्ला कोणी वापरू नये म्हणून आत्यानेच ठेवलेली. तिथे आपलं बोट, जिवंत आणि उबदार बोट, टेकल्याशिवाय आतली किल्ली जागी होत नाही.

मी तो बिल्ला बराच वेळ धरून बसले होते. खोलीत हवा कोरडी करणाऱ्या यंत्रांची घरघर चालू होती.

तिसरी शक्यता मला सुचली नाही.

५

बाहेरच्या रीडरवर एक पिवळं बटण आहे. त्याखाली आत्याच्या अक्षरातली पट्टी: 'पुन्हा विचारा'. एखाद्याचं बोट नीट टेकलं नाही तर पहारेकऱ्याने हे दाबायचं, म्हणजे दार नव्याने प्रश्न विचारतं. खालच्या दाराचं बटण नव्यासारखं चकचकीत होतं. आठ वर्षांत कोणी दाबलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजून आठला मामा फुलपात्र घेऊन उठले.

"मामा, बसा."

"पोरी, मला धुवायचं आहे."

"चमकतंय ते. तोंड दिसेल त्यात. बसा."

ते बसले नाहीत. नळाशी गेले, पण तो सोडला नाही.

चार दहा. हिरवा. टक्. पाच सेकंद. टक्.

मी बटण दाबलं.

काही नाही. यंत्रांची घरघर. मी मनात आकडे मोजले. अकरापर्यंत आले आणि दिवा हिरवा झाला. टक्.

पुन्हा दाबलं. या वेळी चार मोजून झाले आणि दिवा लागला.

तिसऱ्यांदा दाबलं, तर बटणावरून माझं बोट उचलायच्या आतच हिरवा. टक्.

पहिल्यांदा कोणीतरी दारापासून दूर गेलं होतं आणि परत आलं होतं. आता ते तिथेच उभं होतं.

मागे नळ धो धो सुटला.

६

मी कागदाचा खालचा कोपरा नखाने सोडवला. दोन बोटं मावतील एवढाच. जाळी घातलेली जाड काच. काचेच्या आतल्या बाजूवर धूळ. कोरडी, आठ वर्षांची, कोणीही न पुसलेली धूळ. पलीकडे काळोख.

काचेला डोळा लावून मी चाचपडत बटण दाबलं.

आतल्या रीडरचा दिवा वाटाण्याएवढा. त्या हिरव्या उजेडात एक बिल्ला दिसला आणि त्यावर टेकलेला अंगठा. नख मधोमध दुभंगलेलं.

मला हाक मारायची होती. तोंड उघडलंही. मग बिल्ल्याची निळी फीत दिसली.

आम्ही सगळे ती फीत गळ्यात घालतो. बिल्ला हातात धरला की ती खाली लोंबते. ही खाली लोंबत नव्हती. बिल्ल्यापासून सरळ वर गेली होती आणि हळूहळू डोलत होती. आणि जिथे हात संपून माणूस सुरू व्हायला हवा, तिथला काळोखही त्याच लयीत डोलत होता.

खोली कोरडी होती. काचेवर धूळ होती.

पाच सेकंदांनी दिवा विझला. मी कागद जागेवर दाबून बसवला, तळहाताने, पुन्हा पुन्हा.

७

"बाबा, आत्या त्या दिवशी बाहेर आली होती का?"

बाबा चष्मा पुसत होते. ते तेव्हा तिसऱ्या तळाचे प्रमुख होते. आत्या त्यांची धाकटी बहीण.

"रजिस्टरमध्ये नोंद आहे. मामांनी तिला जाताना पाहिलं."

"मी रजिस्टरचं विचारलं नाही. दार काय म्हणत होतं?"

आई जेवण वाढता वाढता थांबली. बाबांनी चष्मा लावला, काढला, परत पुसला.

"दार म्हणत होतं आत आहे. मामा म्हणत होते गेली. पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. दार बंद केलं नसतं तर वरचे दोन्ही तळ गेले असते. मी माणसाचं ऐकलं."

"आणि पाणी उपसल्यावर?"

"मी स्वतः आत गेलो. रॅकन् रॅक पाहिला. कोणी नव्हतं. मला वाटलं, देवाची कृपा. खरंच गेली कुठेतरी." त्यांचा आवाज बारीक झाला. "दुसऱ्या दिवसापासून दिवा लागायला लागला."

"मग परत उघडून पाहिलं?"

बाबांनी पाण्याचा पेला जवळ ओढला.

"पट्टी कोणी लावली?"

"तू जेव," आई म्हणाली.

"आठ वर्षं सगळ्यांनी तिला पळून गेलेली बाई ठरवलं! नातेवाइकांत तिच्या नावाने नाकं मुरडली, आणि तुम्ही ऐकून घेतलं?"

"आवाज खाली कर," बाबा म्हणाले. "उद्या सगळं संपेल. म्हणून तर तुझं नाव मी सुचवलं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बिल्ला बाद करायचा तर त्याचा क्रमांक रद्द यादीत घालावा लागतो, आणि खाली इंटरनेट नसल्यामुळे ती यादी कार्डावर घेऊन हाताने दारापर्यंत न्यावी लागते. दार ती यादी दोन सह्यांशिवाय मानत नाही. एक साहेबांची, दुसरी प्रवेश अधिकाऱ्याची. कोणा एकाने परस्पर कोणाला बाहेर काढू नये म्हणून आत्यानेच केलेली सोय.

आठ वर्षांपूर्वी प्रवेश अधिकारी आत्याच होती. तिचा बिल्ला रद्द करायला तिचीच सही लागत होती. ती जागा रिकामी राहिली, कारण येणारा बाहेरचा माणूस प्रश्न विचारेल याची सगळ्यांना धास्ती. घरची पोरगी विचारणार नाही, असं त्यांना वाटलं.

मला ओळखायला त्यांनी एखादा रीडर आणायला हवा होता.

८

दुसऱ्या दिवशी चारला सगळे खाली आले. साहेब, बाबा, मामा. साहेब महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. टक्कल टिपत त्यांनी कार्ड रीडरमध्ये सरकवलं, आपला बिल्ला टेकवला, अंगठा दाबला. पडद्यावर अक्षरं आली: 'क्रमांक एक रद्द. दुसरी सही बाकी.'

"चला, ये," साहेब म्हणाले. "दोन सेकंदांचं काम आहे. मग रीडर तिला ओळखणार नाही. दिवा लागणार नाही, खटका सरकणार नाही. सगळ्यांची सुटका."

"तिचीही?"

"बाई गं, आत कोणी नाही."

"मग तुम्हाला घाम का आलाय?"

"मोठ्यांशी बोलायची ही पद्धत?" बाबा म्हणाले. पण जोर नव्हता.

मी माझा बिल्ला हातात घेतला. खरं सांगते, ती फीत मला दिसत होती, वर जाणारी, डोलणारी. रात्रभर दिसली होती. अंगठा टेकवला असता तर मलाही सुटका मिळाली असती. त्या चकाकत्या गोलावरून माझं बोट दोनदा फिरलं.

"मामा," मी म्हटलं, "तुम्ही तिला जाताना पाहिलंत?"

मामा खुर्चीची पाठ धरून उभे होते.

"पाहिलं म्हणजे..."

"चेहरा पाहिलात?"

"गर्दी होती. सगळे धावत होते. तिचा तो करडा कोट जाताना दिसला." त्यांचा हात पाठीवरून घसरला. "कोट पाहिला, पोरी. कोणाच्या अंगावर होता, ते नाही पाहिलं."

बाबांनी डोळे मिटले. आठ वर्षांपूर्वी त्यांनी ज्या माणसाचं ऐकलं होतं, त्याने पाहिलेलं एवढंच होतं.

मी बिल्ला गळ्यात घातला. फीत खाली लोंबली.

"मी सही करणार नाही."

"वेडेपणा करू नकोस," साहेब म्हणाले. "तू त्या काचेतून पाहिलंस. कागदाचा कोपरा सुटलाय, दिसतोय मला. काय पाहिलंस?"

"काय पाहिलं ते मला माहीत नाही."

"मग कशाच्या जोरावर एवढी..."

"हिशोबाच्या! तुम्ही तिघं मिळून आठ वर्षांत एक खरं वाक्य बोलला नाहीत. या दाराने एकोणीसशे पंचाहत्तर वेळा विचारलं, कोण आहे. एकोणीसशे पंचाहत्तर वेळा त्याला खरं उत्तर मिळालं. पुढच्या चार वेळा मी स्वतः विचारलं. आत्या म्हणायची, दार एवढंच सांगतं की हा तोच आहे. कसा आहे ते सांगत नाही. ठीक आहे. ती कशी आहे मला माहीत नाही. मला भीती वाटतेय. पण ती आहे. तिची ओळख मी खोडणार नाही. पट्टीच्या कुलुपाची किल्ली द्या."

"आणि दार उघडल्यावर?" बाबांनी विचारलं. ते आता माझ्याकडे नाही, दाराकडे बघत होते.

"तेव्हा तुम्ही इथेच थांबायचं. तिघांनीही."

साहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

टक्.

कोणीही बटण दाबलं नव्हतं. घड्याळात चार वाजून नऊ मिनिटं झाली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, वेळेच्या आधी.

हिरवा उजेड त्यांच्या तिघांच्या चेहऱ्यांवर पडला. मी हात पुढे करून उभी होते, किल्लीसाठी. पाच सेकंद झाले. खटका परत आला नाही. दहा झाले. दिवा तसाच.

मामांचं फुलपात्र टेबलावरच होतं. नळाकडे कोणी गेलं नाही.